पासिंगचा कागद आणि जुनी मोटारसायकल

जुनी मोटारसायकल घरांत यावयाची असली म्हणजे वडील मंडळी एकच प्रश्न विचारतात, "पासिंग झालें आहे ना?" होय असें उत्तर मिळालें कीं विषय संपतो. काकांची गाडी पुतण्याकडे येते, किंवा धुळ्याच्या एखाद्या ओळखीच्या गृहस्थाकडून ती स्वस्तांत विकत घेतली जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगा तिच्यावर बसून जळगांवास विद्यापीठांत जाऊं लागतो. ह्या एका शब्दावर घरानें किती भार टाकावा, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम कायद्याचें बोलूं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें घरगुती वापराच्या वाहनाची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें ती पांच पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, आणि त्या वेळीं गाडी परिवहन कार्यालयांत नेऊन निरीक्षकास दाखवावी लागते. मालाच्या ट्रकला किंवा भाड्याच्या रिक्षेला योग्यतेचा दाखला वरचेवर घ्यावा लागतो. परंतु आपल्या अंगणांत उभी असलेली मोटारसायकल पहिलीं पंधरा वर्षें कोणी सरकारी मनुष्य तपासीत नाहीं, आणि एकदां तपासली कीं पुढें पांच वर्षें तिचें नांव काढीत नाहीं. धुराची चांचणी तेवढी मधून मधून होते. पण ती धुराचीच. उभ्या गाडीच्या नळींतून येणारा वायु मोजणाऱ्या यंत्रास ब्रेक आहे कीं नाहीं हें कसें कळावें? शिवाय चांचणीपूर्वीं हवेचा स्क्रू थोडा फिरविला कीं आंकडा सुधारतो, हें कोणत्याहि मिस्त्रीस ठाऊक असतें.

हा प्रश्न आतां खानदेशांत घरोघरीं आला आहे. हिरो आणि होंडा यांची भागीदारी 2010 च्या अखेरीस मोडली व 2011 मध्यें कंपनीचें नांव हिरो मोटोकॉर्प झालें. ज्या टाकीवर तें जुनें जोडनांव अजून वाचतां येतें, त्या गाड्यांनीं पंधरा वर्षांची मर्यादा ओलांडली तरी आहे, नाहीं तर त्या तिच्या अगदीं जवळ आल्या आहेत. दुधाच्या किटल्या, कापसाचीं गांठोडीं, केळीचे घड ह्यांनीं वाहिले. आणि आतां कॉलेजांतल्या मुलाच्या वांट्यास ह्या आल्या. 1 एप्रिल 2019 पासून नव्या दुचाकींस दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची, अथवा 125 सी.सी.च्या वरील गाड्यांस चाक जखडूं न देणाऱ्या ब्रेकाची सक्ती झाली. ह्या जुन्या गाड्यांस तो लाभ नाहीं. बहुतेकींत साधा ड्रम-ब्रेक आहे, आणि त्याच्या पोटांत काय उरलें आहे तें बाहेरून दिसत नाहीं.

निरीक्षक चासीचा व इंजिनाचा क्रमांक कागदाशीं ताडून पाहतो. दिवे, हॉर्न, आरसे, क्रमांकाची पाटी, टायर पाहतो. ब्रेक लागतो कीं नाहीं हें पाहतो. यांतील कित्येक गोष्टी एका दिवसापुरत्या उसन्या आणतां येतात. आरसा शेजाऱ्याच्या गाडीचा, हॉर्न गॅरेजवाल्याचा; संध्याकाळीं ज्याचें त्यास परत! निरीक्षकास यासाठीं बोल लावूं नये. त्याजपुढें रांग उभी असते, आणि चाक काढून ड्रमांत डोकावणें हें त्याच्या कामांत धरलेलें नाहीं.

धुळ्याच्या वाचकांस दृष्टांत घरचाच देतां येईल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 सालीं धुळ्यास वारले, आणि 1927 मध्यें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें. जुन्या कागदावर शिक्का आहे एवढ्यावरून तो खरा मानणाऱ्यास कोणी संशोधक म्हणत नाहीं. कागदाचा पोत, शाई, अक्षराचें वळण, मिति व वार हीं सर्व एकमेकांशीं जुळावीं लागतात. मोटारसायकलीच्या बाबतींत मात्र चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतहि शिक्का पाहिला कीं माना डोलतात.

परदेशांत तपासणी अधिक वेळां होते. इंग्लंडांत तीन वर्षांची झालेली मोटारसायकल दर वर्षीं तपासून घ्यावी लागते. वाहनांच्या ह्या सक्तीस 1960 सालीं आरंभ झाला. जर्मनींत दर दोन वर्षांनीं. तरीहि इंग्लंडांतील तो दाखला तपासणीच्या वेळेपुरताच बोलतो, पुढील वर्षभराची हमी देत नाहीं. मग आपला पांच वर्षांचा कागद कशाची हमी देणार?

जळगांवाहून पाळधी, एरंडोल, पारोळा करीत धुळ्यास जाणारा रस्ता सुमारें 90 किलोमीटरांचा. धुळ्याच्या दक्षिणेस लळिंगचा घाट, आणि चाळीसगांवाहून कन्नडकडे जावयाचें तर औट्रम घाट. लांब उतारावर ड्रम तापतो आणि ब्रेकाची पकड ढिली पडत जाते. कार्यालयाच्या आवारांत एकटा मनुष्य बसला असतां जो ब्रेक लागला, तोच चतुर्थीला पद्मालयास जातांना मागें सूनबाई आणि मध्यें नातू बसला असतां लागेल असें नाहीं. त्यांत आपला वैशाख! पारा पंचेचाळिसाच्या घरांत गेला कीं टायरचें रबर वर्षागणिक कठीण होत जातें; नक्षी जशीच्या तशी दिसते, पकड मात्र गेलेली असते. देशांत 2022 सालीं रस्त्यावरील अपघातांत 1,68,491 माणसें मेलीं, त्यांत दर शंभरांत चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरचीं होतीं. बहुतेक मृत्यूंचें कारण अतिवेग म्हणून नोंदलेलें आहे हें खरें. पण वेग आवरावयाचा तो ब्रेकानेंच ना?

तेव्हां घरच्या घरीं पाहावें. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. गाडी मोठ्या स्टँडवर घ्यावी, एकानें मागून दाबून पुढचें चाक उचलून धरावें, दुसऱ्यानें पुढच्या दोन्ही नळ्या धरून मागेंपुढें हलवाव्या. खट्‌ असा धक्का हातास लागला तर कोनसेट सैल आहे. हॅंडल हळू फिरवितांना मध्यावर अडकलें तर तो खराब झाला आहे, आणि अशी गाडी भरधाव असतां डुलूं लागते. मागचें चाक आडवें हलवून पाहावें. तें डुगडुगलें तर मागचे बुश गेले. चेन मागच्या दात्यांवरून बोटानें ओढावी; ती उचलून दाता अर्धाअधिक दिसूं लागला, किंवा दाते गळासारखे वांकडे झाले असले, तर चेन-स्पॉकेट बदलावेंच. ब्रेकाचा पाय दाबला असतां ड्रमावरची दांडी सळईशीं काटकोन ओलांडून पुढें जात असेल, तर लायनर संपत आला असें समजावें. यास दोन माणसें व अर्धा तास पुरतो.

एकत्र कुटुंबांत ही अडचण निराळीच असते. गाडी सकाळीं धाकटे बंधु बाजारांत नेतात, दुपारीं पुतण्या, रविवारीं जांवई. बारा घरच्या पाहुण्यासारखी ती उपाशी राहते. ब्रेक सैल झालेला चौघांसहि जाणवतो, आणि प्रत्येकास वाटतें, दुसऱ्यानें दाखविला असेल. आमच्या मतें दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारींच गाडीची एक वही टांगावी. लायनर केव्हां बदलला, टायर केव्हांचा, चेन केव्हां ताणली, किलोमीटर किती, हें तींत मांडावें, आणि ती लिहिण्याचें काम एकाच माणसाकडे असावें. घरांतील मुलगी हें काम अधिक नेमानें करील, असें सुचवितों.

विकत घेतांना मात्र आधीं चाक काढवून ड्रम उघडून पाहावा, आणि तोहि आपल्या मिस्त्रीकडून. विक्रेत्यानें नकार दिला, तर कागदावर पासिंगचीं आणखी चार वर्षें शिल्लक असलीं तरी ती गाडी घेऊं नये.