पेढीचे दार आणि शुल्काचा उंबरठा

इंग्लंडात सॉलिसिटर होण्यास कायद्याचीच पदवी लागते असे नाही. २०२१ पासून लागू झालेली पात्रता-परीक्षा आणि दोन वर्षांचा कार्यानुभव यांच्या बळावर इतिहासाचा वा रसायनशास्त्राचा पदवीधरही या व्यवसायात शिरू शकतो. लंडनच्या बड्या पेढ्या अशांना सुटीतील उमेदवारीसाठी आवर्जून बोलावतात. पेटंटच्या दाव्यात रसायनशास्त्र जाणणाऱ्याचे मोल त्या ओळखून आहेत. परंतु ही उमेदवारी हीच पुष्कळदा भरतीची चाळणी असते. निवडलेल्याचे पूर्वतयारीचे व परीक्षेचे शुल्क बहुधा पेढीच भरते. नाकारलेल्याला हजारो पौंडांची तजवीज स्वतःच करावी लागते. सधन घरचा मुलगा ती सहज करील. इतरांच्या वाट्याला कर्ज. कार्यानुभव मोफत कायदेसल्ला केंद्रांतही मिळवता येतो, ही नियमांतील सोय स्तुत्य खरी. शुल्काची अडचण मात्र तिने दूर होत नाही.