हद्दीपाशी अडणारी सेवा

डोंबिवलीच्या वृद्ध रुग्णाला परळच्या के.ई.एम. वा टाटा रुग्णालयात जायचे असेल आणि चाकाची खुर्ची त्याला लोकलच्या गर्दीत शिरू देत नसेल, तर त्याने काय करावे? रस्त्याने जायचे तर वाटेत किमान तीन महानगरपालिकांच्या हद्दी लागतात. उपनगरातली रिक्षा शीव आणि माहीमच्या पुढे जाऊ शकत नाही. तेथे उतरून टॅक्सी शोधायची, तर तिच्या डिकीत सीएनजीची टाकी. खुर्ची ठेवायची कुठे? धडधाकट माणसाला ही गैरसोय वाटेल. अपंगाचा प्रवास येथेच संपतो.

मुंबई महानगर प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत. मुंबईची बेस्ट धरून ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांची स्वतंत्र बससेवा आहे. त्यांच्या साध्या बस एकमेकींच्या हद्दीत जातात, हे मान्य. परंतु ज्याला थांब्यापर्यंत पोहोचणेच अशक्य, त्याच्या दाराशी येणारे वाहन पुरवायचे म्हटले की प्रत्येक पालिका स्वतःच्या अंदाजपत्रकाकडे बोट दाखवणार. रुग्ण एका पालिकेचा, रुग्णालय दुसरीच्या हद्दीत. मग खर्च कोणाचा? सारे घोडे येथेच पेंड खाते.

कायद्याची उणीव नाही. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे 41वे कलम सुगम वाहतुकीची जबाबदारी शासनावर टाकते. सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024मध्ये राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केले. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार अपंग व्यक्ती होत्या. वयोमानाने थकलेल्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी. राज्य परिवहन महामंडळाने ऑगस्ट 2022पासून 75 वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत केला, हे स्तुत्यच. मात्र तिकीट माफ झाले म्हणून बसची पायरी खाली येत नाही.

हद्दींवर तोडगा निघत नाही, असेही नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही पालिका कायम राहिल्या, तरी त्यांच्या बससेवा 2007मध्ये पीएमपीएमएल या एकाच कंपनीत आल्या. अमेरिकेत लॉस एंजेलिस परगण्यातील चाळीसहून अधिक वाहतूक संस्थांच्या वतीने अपंगांची ने-आण एकच यंत्रणा करते. आपल्याकडेही रिक्षा-टॅक्सीचे भाडे महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण साऱ्या प्रदेशासाठी एकत्रच ठरवते. मीटरला जे जमले, ते खुर्चीला का जमू नये?

राज्य शासनाने प्रदेशापुरती एकच नोंदणी, एकच दूरध्वनी क्रमांक आणि उताराची फळी असलेल्या वाहनांचा एकच ताफा उभारावा. अपंगांजवळ देशभर चालणारे वैश्विक ओळखपत्र आहेच. नव्या दाखल्यांसाठी त्यांना हेलपाटे घालायला लावू नयेत. प्रवासी ज्या पालिकेचा रहिवासी, तिने किलोमीटरच्या हिशेबाने वाटा द्यावा; हिशेब महिन्याअखेरी कचेऱ्यांनी आपसात मिटवावा, प्रवाशाला त्यात ओढू नये. ताफा एक असला, तर कल्याणचा रुग्ण परळला उतरवणारी गाडी रिकामी न परतता ठाण्याच्या दुसऱ्या रुग्णाला घेऊन येईल आणि खर्चही घटेल. आरंभ परळच्या रुग्णालयांच्या फेऱ्यांपासून करावा. डायलिसिसच्या आणि केमोथेरपीच्या रुग्णांचे वार आधीच ठरलेले असतात. त्यांचे वेळापत्रक आखायला नव्या समितीची गरज नाही.