वाचा आणि तिच्यावरील कर

अन्यायाला वाचा फोडण्याची भाषा समाजवादी चळवळीने पिढ्यानपिढ्या केली. परंतु ज्यांना जन्मतः वा आजारामुळे वाणीच नाही, त्यांचा प्रश्न मात्र चळवळीनेही दानधर्माच्या खात्यावर टाकून दिला, हे कबूल केले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत देशात वाचादोष असलेल्यांची संख्या सुमारे २० लाख भरली. १९९५ च्या अपंग कायद्याने त्यांचा वेगळा वर्गही मानला नव्हता. तो २०१६ च्या कायद्याने मानला आणि संवादाच्या व्याख्येत पर्यायी साधनांचाही समावेश केला.

ही साधने आज हाताशी आहेत. मोबाईलच्या पडद्यावरील चित्र दाबावे आणि यंत्राने ते वाक्य मोठ्याने उच्चारावे, इतकी ती सोपी आहेत. चेन्नईत 'आवाज' तयार झाले. मुंबईच्या आयआयटीत 'जेलो' तयार झाले. ते विनामूल्य आहे व मराठीत बोलते. म्हणजे जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने आपले काम केले आहे. मग पारशिवनी तालुक्यातील शेतमजुराच्या मुलापर्यंत ते पोहोचण्यात अडते कोठे?

अडते ते प्रथम फोनपाशी. शासन श्रवणयंत्रावर वस्तू व सेवा कर घेत नाही, चाकाच्या खुर्चीवर ५ टक्के घेते. मोबाईलवर मात्र १ एप्रिल २०२० पासून १२ चे १८ टक्के झाले. बहिऱ्याचा कान ही गरज, आणि मुक्याची जीभ ही चैन, असा हा हिशेब आहे! फोन सर्वच जण घेतात, हे उत्तर पुरेसे नाही. वाचादोषाचे प्रमाणपत्र असणाऱ्यास कर परत देणे प्रशासनाला अशक्य नाही.

दुसरी अडचण शिकवण्याची. नुसता फोन हाती देऊन मूल बोलू लागत नाही. महिनोन्महिने कुणीतरी सोबत बसावे लागते. तालुक्यातील नवेगाव खैरी धरणाचे पाणी रोज नागपुरास पोचते; वाचा-उपचारासाठी मात्र आईला मूल कडेवर घेऊन, त्या दिवसाची मजुरी बुडवून, नागपूर गाठावे लागते. हे शिक्षण अंगणवाडी सेविकेस व शाळेतील शिक्षकास, योग्य मोबदल्यासह, का देऊ नये? आणि घरात 'मले पानी पाह्यजे' म्हणणाऱ्या मुलाच्या फोनने पुस्तकी मराठीच का बोलावे? गोंडी घरांचे तर विचारूच नये.

पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. राज्यात २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र खाते स्थापन झाले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्चावी, असा दंडकही आहे. ती वर्षअखेरीस घाईघाईने वस्तू वाटून संपवण्यापेक्षा फोन आणि प्रशिक्षणावर खर्चता येईल. कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत या ५ टक्क्यांचा तीन वर्षांचा हिशेब लेखी मागावा, आणि गावात वाचादोष असलेली माणसे किती, ही यादी त्याआधी स्वतः घरोघर फिरून करावी.