नालेच्या आकाराचे मेज

उच्च शिक्षणासाठी लंडनला गेलेल्या भाच्याने तेथे बिऱ्हाड लावून महिना होतो न होतो तोच पृच्छा केली की, 'मामा, इकडच्या राजकारणाची खरी चर्चा ऐकावयास जावे तरी कोठे?' प्रश्न वरवर सोपा दिसला, तरी त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला दोन रात्री विचार करावा लागला.

प्रथम आठवला तो हाइड पार्कचा ईशान्य कोपरा. मताधिकाराच्या मागणीसाठी १८६६ साली जमलेल्या समुदायावर सरकारने त्या उद्यानाची दारे बंद केली, तेव्हा लोकांनी कुंपणाचे लोखंडी गज उपटून आत प्रवेश केला. आणि पुढे १८७२ च्या कायद्याने सभांचा बंदोबस्त उद्यानाच्या अंमलदारांकडे सोपविला गेल्यावर हा कोपरा हळूहळू वाटेल त्या वक्त्याचे हक्काचे ठिकाण होऊन बसला. हक्काचे म्हटले खरे, परंतु मुंबईत जन्मलेले आणि बॅटर्सीच्या मतदारांनी पार्लमेंटात धाडलेले शापुरजी सकलातवाला यांनी १९२६ च्या मे दिनी याच उद्यानात, सैनिकांनी जनतेवर गोळ्या झाडू नयेत, अशा आशयाचे भाषण केले, त्याबद्दल त्यांस दोन महिन्यांचा तुरुंगवास पत्करावा लागला! आज तेथे रविवारी गेल्यास वक्ता पेटीवर उभा राहून गर्जतो, श्रोते त्याला टोमणे मारतात आणि करमणूक यथेच्छ होते. मात्र ऐकून विचारात पडलेला मनुष्य तेथून परतताना दिसेल, अशी आशा मी भाच्याला लावणार नाही.

दुसरे स्थान अर्थातच कॉमन्स सभागृह. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बाँबनी ते उद्ध्वस्त केले, तेव्हा त्याची पुनर्रचना अर्धचंद्राकृती करावी अशी कित्येकांची सूचना होती. ती चर्चिलसाहेबांनी १९४३ साली हाणून पाडली. दोन पक्ष समोरासमोर बसलेले असावेत, म्हणजे बाजू बदलणाऱ्याला भर सभेत मधली वाट ओलांडावी लागते, आणि दालन तोकडे असावे, म्हणजे भाषणाला संभाषणाचे रूप राहते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो इतका प्रभावी ठरला की, आज ६५० सभासदांच्या त्या सभेत आसने ४२७ च आहेत. (नव्या दालनाची प्रवेशद्वारे भारत आणि पाकिस्तान यांनी नजर केलेली आहेत, फाळणीनंतर या दोघांनी मिळून लावलेली दारे ती एवढीच असावीत.) चर्चिल यांच्या मताचा आदर राखूनही मला असे म्हणावेसे वाटते की, दर बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधानांना अर्धा तास जे प्रश्न विचारले जातात, त्यांत उत्तराची अपेक्षा क्वचितच असते, बाकांवरील कोलाहल हाच त्यांचा हेतू होय.

खरी चर्चा शोधावयाची ती चर्चिल यांना नापसंत असलेल्या आकृतीभोवतीच. १९७९ साली सरकारच्या एकेका खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या समित्यांची पद्धत सुरू झाली. त्यांचे सभासद घोड्याच्या नालेच्या आकाराच्या मेजाभोवती सरमिसळ बसतात, आणि मोकळ्या तोंडाशी साक्षीदार असतो, मग तो मंत्री का असेना. २०१० पासून बहुतेक समित्यांचे अध्यक्ष पक्षप्रमुखांच्या मर्जीने नव्हे, तर सर्व सभासदांच्या गुप्त मतदानाने निवडले जातात. २५ एप्रिल २०१८ रोजी, कॅरिबियन बेटांतून येऊन अर्धे आयुष्य ब्रिटनमध्ये घालविलेल्या लोकांचा सरकारी दप्तराने जो छळ मांडला होता, त्याची चौकशी चालू असता, लोकांना देशाबाहेर धाडण्याचे संख्यात्मक लक्ष्य आपल्या खात्याने ठरविलेले आहे काय, अशा अर्थाचा सवाल गृहमंत्री अँबर रड यांना करण्यात आला. आरडाओरड नाही, टाळी नाही. तसे लक्ष्य नाही, असे त्या म्हणाल्या. जबाब शब्दशः टिपला गेला, त्याच्याशी विसंगत कागद बाहेर आले, आणि २९ तारखेच्या रात्री बाईंनी राजीनामा दिला. बुधवारच्या अर्ध्या तासाने असा मंत्री घालविल्याचे मला तरी स्मरत नाही.

म्हणून भाच्याला लिहिले, 'बाबा रे, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तेथे वास्तव्य असेतो तुला मतदानाचाही अधिकार आहे, तेव्हा आपल्या भागाच्या सभासदाकडून बुधवारची प्रवेशपत्रिका अवश्य मिळव आणि एकदा ती मौज पाहून घे. नंतर मात्र समोरच्या पोर्टकलिस हाउसमध्ये जा. दारावर झडती होईल, ती निमूट दे. समितीच्या उघड्या बैठकीला पत्रिका लागत नाही. मागच्या खुर्च्या बहुधा रिकाम्याच असतात.'