दुसरे बाळ पायाळू असेल तेव्हा

पायाळू माणसाची लाथ कमरेत बसली की भरलेली उसण जाते आणि वीज कडाडू लागली की पायाळूने उघड्यावर थांबू नये, या दोन्ही समजुती आपण लहानपणी ऐकल्या असतील. गुप्तधन शोधणारे मांत्रिक डोळ्यांत अंजन घालण्यासाठी पायाळू मुलाच्याच शोधात असत, असेही जुन्या गोष्टींतून कानांवर आले असेल. या समजुतींत तथ्य नाही. मात्र डोक्याऐवजी पायांनी जगात आलेले मूल हातीपायी धड राहिले, याचेच एके काळी समाजाला नवल वाटत असावे, असे त्यांवरून दिसते. लेकीच्या किंवा सुनेच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘जुळे, पहिले डोक्याकडून, दुसरे पायाळू’ असे वाचल्यावर घरातील ज्येष्ठांच्या मनात जी धास्ती बसते, तिची मुळे इतकी जुनी आहेत.

वाचकहो, ही धास्ती घरात सहसा दोन विरुद्ध आग्रहांच्या रूपाने बोलते. ‘आमच्या वेळी सुईणीने घरच्या घरी जावळी सोडवली, पोट फाडायची गरजच काय?’ हा एक आग्रह. ‘उगाच जोखीम कशाला, तारीख ठरवून सिझेरियन करून टाका’ हा दुसरा. आपल्याकडे हा निर्णय गर्भवती एकटी क्वचितच घेते. सासू, आई, सासरे, कधी दूरगावचा जाणता मामा, अशा अनेकांचे वजन त्यात पडते. म्हणून हे लेखन गर्भवतीपेक्षा तिच्याभोवतीच्या आपणा सर्वांसाठी आहे.

दिवस भरत आल्यावर दहा जुळ्यांपैकी साधारण चार जोड्यांत दोन्ही डोकी खाली असतात. जवळपास तितक्याच जोड्यांत पहिले डोक्याकडून आणि दुसरे पायाळू किंवा आडवे असते. उरलेल्या दोनांत पहिले बाळच पायाळू किंवा आडवे असते आणि तेथे बहुधा शस्त्रक्रियाच करतात. पहिले पायाळू व दुसरे डोक्याकडून असेल, तर वाटेत दोघांच्या हनुवट्या एकमेकींत अडकण्याचा धोका असतो. तो विरळा, पण भयंकर. आपला विषय मधल्या गटाचा. या गटात कळ महत्त्वाची आहे ती पहिल्या बाळाच्या स्थितीची. दुसऱ्याची स्थिती तर पहिले जन्मल्यावर, मोकळी जागा मिळताच, पुन्हा बदलूही शकते.

एकुलते पायाळू बाळ आणि जुळ्यांतील दुसरे पायाळू बाळ यांत मोठा फरक आहे. एकुलत्या बाळात पाय, कुल्ले, धड हा मऊ व निमुळता भाग अर्धवट उघडलेल्या गर्भाशयमुखातूनही खाली सरकू शकतो आणि सर्वांत मोठा व कठीण भाग, म्हणजे डोके, मागे अडकून राहते. वाट पुरेशी रुंद आहे की नाही, हे कळण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. जुळ्यांत पहिल्या भावंडाचे डोके ती वाट आधीच उघडून गेलेले असते. दुसरे बाळ त्याच्यापेक्षा फारसे मोठे नसेल, तर त्याला वाट मिळण्याची शक्यता चांगली असते.

तरीही ही प्रसूती सोपी नव्हे. पहिले बाळ बाहेर पडताच गर्भाशय आकसू लागते. वार वेळेआधी सुटू शकते, पाणमोट फुटताच नाळ बाळाच्या आधी खाली घसरू शकते, उघडलेले गर्भाशयमुख पुन्हा मिटू लागते. म्हणून या दोन जन्मांमधला काळ निवांत बसण्याचा नसतो. अनुभवी डॉक्टर सोनोग्राफीचे यंत्र पोटावर ठेवून दुसऱ्याची स्थिती व हृदयाचे ठोके पाहतात, हात आत नेऊन दोन्ही पाय चाचपून धरतात आणि शक्य तोवर पाणमोट फोडत नाहीत, कारण त्या पाण्यामुळेच बाळाला वळायला आणि हाताला फिरायला जागा मिळते. पाय धरून हलक्या, सलग ओढीने बाळ खाली आणले जाते. खांद्यांची पाती दिसू लागली की एकेक हात सोडवला जातो आणि शेवटी हनुवटी छातीकडे झुकलेली ठेवून डोके बाहेर काढले जाते. सराईत हातांत हे काही मिनिटांचे काम असते. बाहेरून पोट दाबून दुसऱ्याचे डोके खाली वळवण्याचाही एक मार्ग आहे; पण पाय धरून काढण्याला त्यापेक्षा अधिक यश येते, असे अभ्यासांत आढळले आहे.

ही युक्ती आजची नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मूढगर्भाचा विचार आहे. एकच पाय पुढे आलेला असेल तर दुसरा पसरून घेऊन बाळ काढावे, अशी सूचना तेथे आहे. सोळाव्या शतकात आंब्रुआज पारे या फ्रेंच शल्यविशारदाने आडव्या बाळाचे पाय धरून त्याला वळवण्याची रीत युरोपात पुन्हा प्रचारात आणली. भूल, रक्त आणि निर्जंतुक शस्त्रक्रिया नसलेल्या काळात पाय धरून ओढणे हाच बाळाला व आईला वाचवण्याचा उपाय होता. आणि तो पुष्कळदा फसतही असे, हे ‘आमच्या वेळी’ म्हणताना आपण विसरतो. ज्या सुटल्या त्या बाळंतिणींच्या कथा घरात उरल्या. ज्या अडल्या त्यांच्याविषयी कोणी फारसे बोलले नाही.

आता ‘सिझेरियनच सुरक्षित’ या दुसऱ्या आग्रहाकडे वळू. टोरोंटो येथील तज्ज्ञांच्या पुढाकाराने २५ देशांत झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास येथे उपयोगी पडतो. त्यात सुमारे २,८०० जुळ्या गर्भवती होत्या. सर्वांचे पहिले बाळ डोक्याकडून होते, दुसरे कसेही असो. चिठ्ठी काढावी तशा पद्धतीने निम्म्यांसाठी आधीच सिझेरियन ठरवले आणि निम्म्यांसाठी नैसर्गिक प्रसूतीचा बेत केला. बाळ दगावणे किंवा त्याला गंभीर इजा-आजार होणे हे दोन्ही गटांत शेकडा दोनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. दुसऱ्या बाळाला धोका पहिल्यापेक्षा अधिक होता खरा, पण तो आधीच सिझेरियन ठरवल्याने कमी झाला नाही.

याच अभ्यासातील आणखी एक आकडा ज्येष्ठांनी आधीच मनात मुरवून ठेवावा. नैसर्गिक प्रसूतीचा बेत केलेल्यांपैकी शेकडा सुमारे ४४ जणींना अखेर सिझेरियन करावेच लागले. शेकडा चार जणींच्या बाबतीत तर पहिले बाळ नैसर्गिक मार्गाने आणि दुसरे पोटातून काढावे लागले. एकाच बाळंतपणात दोन्ही वेदना सोसणे हे त्या मातेला कठीण असते. तेव्हा ‘नॉर्मलच होणार’ असे वचन कोणत्याही डॉक्टरकडून मागू नका, आणि कोणी आपणहून दिले तर सावध व्हा.

या अभ्यासातील प्रसूती ज्यांच्या हाती होत्या, ते या कामाचा अनुभव असलेले डॉक्टर होते आणि तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय जवळ होती. ही अट वाचताना बहुधा नजरेतून निसटते, पण सगळा निष्कर्ष तिच्यावरच उभा आहे. गेल्या पंचवीस वर्षांत हा सराव जगभर आटत गेला. २००० साली एकुलत्या पायाळू बाळांविषयीचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात ठरवून केलेले सिझेरियन बाळाला अधिक सुरक्षित ठरले. त्यानंतर पायाळू प्रसूती बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियेनेच होऊ लागल्या. तरुण डॉक्टरांच्या हातांना ती कला शिकण्याची संधीच कमी उरली. जुळ्यांतील दुसऱ्या बाळाला तो निष्कर्ष लागू नव्हता. मात्र हात तेच होते.

म्हणून माझ्या मते घरच्यांनी डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न ‘नॉर्मल की सिझेरियन’ हा नव्हेच. विचारावे ते असे: दुसऱ्या बाळाला पाय धरून बाहेर काढण्याचा सराव येथे कोणाला आहे? ती व्यक्ती रात्री दोन वाजताही हजर असेल का? भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की बोलावल्यावर येतात? दोन बाळांसाठी दोन स्वतंत्र माणसे, दोन उबदार बिछाने, दोन प्राणवायूच्या नळ्या आहेत का? रक्त कोठून येईल? उत्तरे समाधानकारक असतील, तर नैसर्गिक प्रसूतीचा बेत निर्धास्तपणे करता येतो. ‘मला याचा सराव नाही’ असे जो डॉक्टर स्पष्ट सांगतो, तो माझ्या लेखी विश्वासाला पात्र आहे. त्या रुग्णालयात सिझेरियन हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. त्यात मुलीचे काही कमी पडले, असे शेजारीपाजारी सुचवत असतील तर त्यांना तेथेच थांबवण्याचे काम ज्येष्ठांचे आहे.

काही वेळा मात्र असा पर्याय ठेवतच नाहीत. दोन्ही बाळे एकाच पाणमोटेत असतील, दुसरे पहिल्यापेक्षा बरेच मोठे असेल, वार वाटेत आली असेल किंवा बाळे फारच अपुऱ्या दिवसांची व लहान असतील, तर डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. आधीचे सिझेरियन झालेले असेल तर त्याचा विचार निराळा करावा लागतो. यावर घासाघीस करू नये.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली प्रेमळ रीत. जुळ्यांच्या बाबतीत तिच्याकडे थोडे व्यवहाराने पाहावे लागते. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे भरण्याआधीच जन्मतात. माहेर तालुक्याच्या गावी असेल आणि तेथे रात्री भूलतज्ज्ञ मिळत नसेल, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग दोन तासांवर असेल, तर आईनेच लेकीकडे जाऊन राहणे बरे. हे ठरवायचे ते डोहाळजेवणाच्या सुमारास. नववा लागल्यावर नव्हे. सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियन, औषधे आणि रक्त मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जुळी बाळंतपणे वारंवार होतात, त्यामुळे आपण शोधत असलेले सराईत हात पुष्कळदा तेथेच भेटतात.

सिझेरियन ठरलेच, तर मुहूर्ताचा आग्रह जपून धरावा. दोन वेगळ्या वारांची जुळी, सारे ठीक असल्यास, साधारण ३७ ते ३८ आठवड्यांदरम्यान आणि एकाच वारेवर दोन पाणमोटांत वाढणारी ३६ ते ३७ आठवड्यांदरम्यान जन्मावीत असा संकेत आहे. डॉक्टरांनी दिलेल्या दोन-तीन दिवसांतून एखादा निवडला तर बिघडत नाही. पण पंचांगासाठी आठवडाभर अलीकडे ओढलेल्या बाळाच्या फुप्फुसांना ग्रहमान कळत नाही.

प्रसूतीपूर्वी कमरेत नळी घालून दिली जाणारी एपिड्युरल भूल अनेक सासवांना खटकते. ‘जन्माची कंबर धरते’ अशी भीती असते. दीर्घकाळच्या कंबरदुखीशी या भुलेचा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. येथे तिचे प्रयोजन केवळ कळा सुसह्य करणे एवढेच नसते. डॉक्टरांचा हात गर्भाशयात जायचा असतो आणि क्षणात शस्त्रक्रियेकडे वळावे लागले तर भुलेची तयारी आधीच झालेली असते. तसेच रक्ताचे. दोन बाळांनी ताणलेले गर्भाशय प्रसूतीनंतर नीट आकसत नाही आणि रक्तस्राव अधिक होऊ शकतो. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते म्हणून त्या घेऊ न देणाऱ्या घरांत ही तूट आधीपासूनच साठत जाते.

आणि तो मधला काळ. पहिल्याच्या रडण्याचा आवाज बाहेर येतो, कोणीतरी ‘मुलगी झाली’ म्हणून सांगून जाते आणि दार पुन्हा बंद होते. दहा मिनिटे जातात, वीस जातात. आपण बाहेर असाल, तर परिचारिकांना अडवून विचारू नका. त्या वेळी आत प्रत्येक हात गुंतलेला असतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असते, तरी रुग्णालये नातलगाचीही सही मागतात. तातडीच्या शस्त्रक्रियेची ती बोलणी आदल्या भेटीतच उरकलेली असावीत, म्हणजे त्या वेळी वडीलधाऱ्यांची वाट पाहत कागद पडून राहत नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या बाळाची एक तपासणी राहून जाते, ती मात्र आपण लक्षात ठेवा. पायाळू बाळांमध्ये खुब्याचा सांधा उथळ राहण्याची किंवा निसटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. वरून काहीच दिसत नाही. मूल चालू लागल्यावर लंगडते तेव्हा कळते आणि मग उपचार लांबतात. चार ते सहा आठवड्यांच्या वयात खुब्याची सोनोग्राफी करून घेतली की निदान होते. जुळ्यांतील एक जरी पायाळू असले तरी ब्रिटनमध्ये दोघांचीही ही तपासणी करण्याचा नियम आहे. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांना हे आपणहून विचारावे लागेल.

तोवर न्हाऊ घालताना पाय ताठ ओढणे, चवड्यांना धरून उलटे टांगणे आणि दुपट्यात पाय सरळ जुळवून घट्ट आवळणे हे तिन्ही बंद ठेवा. छाती-हात हवे तर गुंडाळावे. कमरेखाली मात्र दुपटे सैल असावे, गुडघे वाकवून पाय बाजूंना फाकता येतील इतके. मालीश करणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी समोर बसून हे समजावून सांगावे लागते, कारण हात फिरवण्याची तिची वर्षानुवर्षांची सवय एका शब्दाने मोडत नाही. आणि तिला ते सांगण्याचा अधिकार घरात आजीइतका दुसऱ्या कोणाचा चालत नाही.