गाव पाहावे पायी

‘फिरायला जाणे’ या शब्दांचा अर्थ आपल्या शहरात पार बदलून गेला आहे. पूर्वी फिरायला जाणे म्हणजे पायांनी जाणे, एवढाच त्याचा सरळ अर्थ होता. आता कोणी ‘आम्ही फिरायला गेलो होतो’ म्हणाले, की ‘कोणत्या गाडीने?’ असा पुढचा प्रश्न येतो. पहाटे एखादा गृहस्थ पायी चालताना दिसलाच, तर त्याला मधुमेह झाला असावा असे लोक खुशाल धरून चालतात! निरोगी माणसाने, तेही बायकामुलांसह, केवळ आनंदासाठी दोन मैल चालावे, ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटू लागली आहे.

माझे म्हणणे असे, की आजीपासून शाळकरी मुलापर्यंत घरातल्या सर्वांनी मिळून आपल्या गावात पायी हिंडल्यावाचून ते गाव आपले होत नाही. सकाळचा व्यायाम निराळा आणि घरच्यांसह फिरणे निराळे. व्यायामाला निघालेला माणूस घड्याळाकडे पाहतो. घरच्यांसह निघालेल्याला मात्र जो सर्वांत हळू चालतो त्याच्या पावलाने चालावे लागते, आणि हळू चालणाऱ्यालाच गाव दिसते.

स्कॉटलंडमधली लहान लहान गावे या बाबतीत आपल्याला धडा घालून देतील. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाहूनही लहान असलेले गाव आपल्या भोवतीच्या पायवाटांची पत्रके काढते. अंतर किती, चढ कुठे, लहान मुलाची गाडी कुठवर जाईल, हे सारे त्यात लिहिलेले असते. तिथल्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने माणसाला जबाबदारीने वागून बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालण्याचा हक्क दिला, आणि मुख्य पायवाटांचा आराखडा करण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपवले. आपल्याकडे ऊन आहे, तर त्यांच्याकडे बारमाही पाऊस आणि चिखल आहे. तेव्हा हवेचे निमित्त पुढे करून आपली सुटका होणार नाही.

आणि आपल्याजवळ काय कमी आहे? मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेले हे खडकी गाव पुढे फतेहनगर झाले, औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, पण डोंगर, नदी आणि त्यांच्यामधून जाणारी वाट जागच्या जागीच राहिली.

नागसेनवनातून निघालो, तर पहिल्यांदा मिलिंद महाविद्यालयाचा परिसर लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये हे महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्यातील कितीतरी घरांतला पहिला पदवीधर इथूनच बाहेर पडला. तेथून पुढे खाम नदीच्या काठी पाणचक्की. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून इथवर आणून उंच भिंतीवरून हौदात सोडले आहे. त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी पीठ दळले जाई. गंमत अशी, की या हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे! मागे आम्ही सारे घरचे गेलो होतो, तेव्हा हे कळल्यावर माझी सात वर्षांची बहीण त्या दालनात उभी राहून कितीतरी वेळ वर पाहत होती. ‘डोक्यावर मासे आहेत ना गं आजी?’ हा तिचा प्रश्न. भूमितीच्या तासाला जे तिला समजले नसते, ते तिथे समजले.

महमूद दरवाजा आणि बेगमपुरा ओलांडून दीड-दोन किलोमीटर गेले, की बीबीचा मकबरा. ताजमहालाची नक्कल म्हणून आपणच त्याला हिणवतो; पण संगमरवर कुठे संपतो आणि गिलावा कुठे सुरू होतो, हे मुलांना बोटाने शोधायला सांगून पाहावे. एका बादशाही खजिन्याची कथा त्या भिंतीवरच वाचता येते. पंधरा वर्षांखालील मुलांना तर तिकीटही नाही.

तेथून दोन-तीन किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत बुद्धलेणी आहेत. एकूण बारा. वेरूळ-अजिंठ्याच्या कीर्तीमुळे बिचारी झाकोळली गेली आहेत. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर हात जोडून गुडघ्यावर बसलेले स्त्री-पुरुष भक्त जवळजवळ माणसाएवढे आहेत. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या भोवती आठ संकटे कोरली आहेत. कुठे आग, कुठे मत्त हत्ती, कुठे साप, कुठे बुडणारे जहाज. मुलाला गोष्ट सांगायला आजीला आणखी काय हवे? गुडघ्यांमुळे आजीला पायऱ्या चढवत नसतील, तर तिने पायथ्याशी बसावे आणि नातवंडांनी खाली येऊन तिलाच गोष्ट सांगावी.

या वाटेचे मोठेपण पुरातत्त्वापुरते नाही. दलितांच्या शिक्षणाचे केंद्र, मुसलमान फकिराचा दर्गा, मोगल बेगमेची कबर आणि बौद्धांची लेणी ही सारी एकाच वाटेवर, शाळकरी मुलाच्या चालीने गाठता येतील अशी आहेत. आपल्या शहरात मोहल्ल्यामोहल्ल्यांत अदृश्य भिंती आहेत, हे कोणी नाकारू नये. एका भागातला मुलगा दुसऱ्या भागात पाऊल न टाकताच पदवीधर होतो आणि त्या भागाविषयी मते मात्र ठाम बाळगतो. आजीचे बोट धरून जो बेगमपुऱ्यातून चालत गेला, ज्याने तिथल्या ओट्यावर पाणी मागून प्याले, त्याच्या मनात तशी भीती घर करील काय?

अडचणी आहेत, हे मला मान्य आहे. पदपथ आहेत तिथे गाड्या उभ्या, नाहीत तिथे गटार उघडे. जुन्या अरुंद दरवाजातून वाहनांची अशी रीघ लागते, की लहान मुलाला कडेवर घेऊन जीव मुठीत धरूनच जावे लागते. वाटेत सावलीला बाक नाही. पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागते. स्त्रियांची मोठी अडचण म्हणजे स्वच्छतागृह. माझी आई तर घरून निघताना पाणीच पीत नाही. २०११ च्या जनगणनेत ज्या शहरात पावणेबारा लाख माणसे मोजली गेली, तिथे एका कुटुंबाने निर्धास्तपणे चालावे अशी एक तरी वाट असू नये काय?

साऱ्या शहराचे एकदम काही मागू नये. एकच वाट मागावी : पाणचक्कीपासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत. महापालिकेने त्या वाटेवर अखंड पदपथ करावा, कडुनिंब लावावेत, अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरवर बाक ठेवावा आणि दोन ठिकाणी पाण्याची व स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय करावी. खामच्या काठावर अलीकडे जे स्वच्छतेचे काम झाले, त्यावरून मनावर घेतले तर जमते हे दिसलेच आहे. आपल्या महाविद्यालयानेही वाटा उचलावा. इतिहास विभागाने माहिती द्यावी, मराठी विभागाने ती सोप्या भाषेत एका पानावर लिहावी, उर्दू जाणणाऱ्या मित्रांनी उर्दूत उतरवावी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण अंतराचे दगड रंगवावेत. याला खर्च थोडा आणि उपयोग पुष्कळ.

तोवर थांबण्याचेही कारण नाही. गणपतीपासून होळीपर्यंतचे दिवस आपल्याकडे चालायला सोयीचे. चैत्र-वैशाखात पहाटे हिमायतबागेच्या जुन्या झाडांखाली जावे, श्रावणात हनुमान टेकडी हिरवी होते तेव्हा वर चढावे. सोबत पाण्याची बाटली, दशम्यांचा डबा आणि भरपूर वेळ घ्यावा. वाचकहो, येत्या रविवारी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला ‘येता का?’ म्हणून विचारा. ती दोघे कधीच नाही म्हणणार नाहीत. बाकीच्यांची तयारी तेवढी करावी लागेल!

— तृतीय वर्ष, कला शाखा