तासाभराचा रोजगार

मागील महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी चारित्र्याचा दाखला मागावयास शाळेत आला. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्याला तीन वर्षे झाली. "सध्या काय करतोस?" असे विचारताच तो म्हणाला, "काही नाही सर, घरीच असतो." बोलण्याच्या ओघात कळले की, काजूच्या हंगामात दोन महिने तो आईवडिलांबरोबर बागेत बोंडू गोळा करतो, आणि अधूनमधून मोपा विमानतळाच्या टॅक्सीवर बदली चालक म्हणून जातो. एवढे करूनही "काही नाही"!

आमचे हळर्ण हे पेडणे तालुक्यातील खेडे. येथील किल्ला १७४६ साली जिंकल्याबद्दल एका पोर्तुगीज व्हाइसरॉयला या गावाच्या नावाची सरदारकी मिळाली होती, एवढीच काय ती आमची इतिहासातील नोंद. पण या मुलाला बेकार म्हणावे की नाही, हा प्रश्न हळर्णपुरता नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारने प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली यासाठीच तज्ज्ञांची समिती नेमली. ज्या देशात बहुतेक माणसे घरच्या शेतीत वा धंद्यात राबतात, तेथे बेकारीचा एकच आकडा काढणे फसवे ठरेल, असा समितीचा निष्कर्ष होता. १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून वर्षाचा, आठवड्याचा आणि दिवसाचा असे निरनिराळे हिशेब सुरू झाले. (त्याच दुष्काळी वर्षांत महाराष्ट्राने रोजगार हमी योजना काढली. तेथे मोजणीची पद्धतच निराळी. काम मागावयास जो येईल तो बेकार!)

आता या मुलाचे घर त्या मापाने मोजून पाहू. वर्षाच्या हिशेबात तीस दिवस काम केले तरी माणूस रोजगारी ठरतो, मग ते घरच्या बागेतील बिनपगारी का असेना. तेव्हा मुलगा रोजगारी आणि त्याची आईही रोजगारी. आठवड्याच्या हिशेबात सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम पुरते. टॅक्सीची एक फेरी झाली की भागले. धाकटी बहीण बी. ए. आहे. अर्ज करून ती थकली. आता विचारल्यास घरकाम करते म्हणून सांगते. म्हणजे ती श्रमशक्तीतच नाही. ना रोजगारी, ना बेकार. या घरात पाहणीच्या लेखी बेकार कोणीही नाही. उलट रोजगार विनिमय केंद्रात मात्र दोघाही भावंडांची नावे आहेत, कारण सरकारी नोकरीच्या अर्जाला ते नोंदणीपत्र लागते; आणि खासगी नोकरी करणारेही तेथे नाव ठेवून असतात.

राजकीय वाद चालतो तो या फटीतच. केंद्राच्या पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये गोव्यातील बेकारी ९.७ टक्के, तर देशाची ३.२ टक्के होती. पुढील वर्षी गोव्याचा आकडा ८.५ झाला, तरीही तो राज्यांमध्ये सर्वांत मोठाच राहिला. विरोधकांस आयते शस्त्र मिळाले. सरकारपक्ष म्हणतो, लहान राज्यात पाहणीची कुटुंबे थोडी, त्यावरून काय ठरवावे? यात तथ्य नाही असे नाही. पण हेच आकडे सोयीचे असते तर त्यांनी फलकांवर झळकविले नसते काय? दिल्लीतही निराळे घडले नाही. २०१७-१८ ची ६.१ टक्क्यांची पाहणी अडून राहिली, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. अहवाल बाहेर आला तो निवडणूक उरकल्यावर, ३१ मे रोजी. तेव्हाही सरकारचे म्हणणे हेच, की नव्या पद्धतीची जुन्या आकड्यांशी तुलना करू नये.

आमच्या मते गोव्याच्या मोठ्या आकड्यात एक गोष्ट दोन्ही पक्ष सांगत नाहीत. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे तो बेकार राहूच शकत नाही; मिळेल ते काम करतो आणि रोजगारी म्हणून मोजला जातो. वाट पाहणे ज्याला परवडते, तोच बेकार म्हणून नोंदला जातो. आमच्याकडे घर आहे, थोडी बागायत आहे, वडिलांचे निवृत्तिवेतन आहे. म्हणून शिकलेला मुलगा सरकारी जागेची वाट पाहत पाच-सात वर्षे काढतो. त्या वाटेला त्याला लावले कोणी? वर्गात उभे राहून "शिका, म्हणजे सरकारी नोकरी लागेल" असे तीस वर्षे आम्हीच सांगत आलो. डिचोलीत २०१८ साली खाणी थांबल्या आणि अनेक घरांची मिळकत गेली, तेव्हा आमचा हा उपदेश अधिकच ठाम झाला होता, हेही कबूल केले पाहिजे.

दाखल्यावर आम्ही सही केली. अर्जावरील एका रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "सर, सध्याचा व्यवसाय विचारला आहे. काय लिहू?" "काजू बागायत लिही," आम्ही म्हणालो. तो किंचित हसला, आणि आमच्याच टेबलावरचे पेन घेऊन त्याने तेथे 'निरंक' असे लिहिले.